शाश्वततेचा अभ्यास कुठून सुरू करायचा? नाशिकमधल्या नवख्यांसाठी

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी, मार्च महिन्यात मी गोदावरीचं पाणी तपासलं. आनंदवल्ली, होळकर पूल, तपोवन आणि दसक अशी चार ठिकाणं. पहाटे सहाला निघायचं, स्कूटरच्या डिकीत तीनशे मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्या, पायाशी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ. पाण्यातला ऑक्सिजन जागच्या जागी रसायन टाकून पकडायचा, उरलेल्या बाटल्या प्रयोगशाळेत २७ अंशांवर तीन दिवस ठेवायच्या आणि जंतूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजायचं. हाच तो बीओडी. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम, आणि माझे आकडे होळकर पुलाखालीसुद्धा तिच्या आतच. मी खूश झाले. 'नदीची प्रकृती सुधारते आहे' असं एक लांबलचक प्रकरण लिहून मोकळी झाले.

सरांनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "त्या दिवशी आवर्तन चालू होतं का गं?"

मला आवर्तन म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. खाली नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यातून कोपरगाव-राहात्याकडे कालवे जातात. त्यांच्यासाठी गंगापूर धरणातून नदीत पाणी सोडलं होतं, आणि त्या पाण्याने शहराची घाण पातळ केलेली असताना मी बाटल्या भरत होते. रसायन बरोबर होतं, दिवस चुकला होता. तो दिवस कळायला पाटबंधारे खात्याचा कागद वाचावा लागतो. तो कागद तसा का लिहिला हे कळायला कायदा आणि नगर-मराठवाड्याशी असलेलं पाण्याचं जुनं भांडण समजावं लागतं. हे काही माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

दर मे-जूनमध्ये ओळखीपाळखीतून मुलंमुली येतात आणि विचारतात, "ताई, सस्टेनॅबिलिटीत काही करायचंय, कुठला कोर्स करू?" मी कोर्सचं नाव शेवटी सांगते. इथेही तोच क्रम ठेवते आहे.

आधी शब्दाचा गुंता

'शाश्वत' हा शब्द आपल्या कानाला कीर्तनातला वाटतो. देह नश्वर, नाम शाश्वत. या विद्याशाखेत मात्र शाश्वत असं काहीच नसतं. कुठली गोष्ट, कोणत्या वेगाने, कुणाच्या जिवावर आणि किती काळ चालू शकेल, असा हिशोबी प्रश्न असतो. त्यापेक्षा चपलेच्या दुकानातला 'टिकाऊ' मला जास्त प्रामाणिक वाटतो. पण परीक्षेत आणि सरकारी कागदावर 'शाश्वत'च लिहा, उगीच मार्क घालवू नका.

या कल्पनेचा उगमही हिशोबातच आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीत चांदीच्या खाणी होत्या, धातू गाळायच्या भट्ट्यांना लाकूड लागायचं आणि जंगल संपत चाललं होतं. तिथला खाणखात्याचा अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ याने १७१३ साली लिहिलं की जेवढं पुन्हा वाढेल तेवढंच तोडावं. तेव्हा काळजी झाडांची नव्हती, चांदीची होती. पुढे पर्यावरणावरची १९७२ ची स्टॉकहोम परिषद, १९८७ चा ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल (पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं, ही सगळीकडे पाठ केली जाणारी व्याख्या त्यातलीच), मग २००१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात रॉबर्ट केट्स आणि सहकाऱ्यांनी 'शाश्वतता विज्ञान' असं नाव देऊन मांडलेली स्वतंत्र अभ्यासशाखा, आणि संयुक्त राष्ट्रांची २०१५ ची १७ उद्दिष्टं व १६९ लक्ष्यं. इतकं पहिल्या महिन्यात पुरे. त्या १७ रंगीत चौकोनांचा तक्ता भिंतीवर लावा हवा तर, पण त्यातला एक चौकोन उचलून 'माझा विषय' म्हणू नका. तो विषय नव्हे, मथळा आहे.

पर्यावरणशास्त्रापेक्षा हे वेगळं कसं, असा प्रश्न हमखास येतो. पर्यावरणशास्त्र नदीला काय झालं ते सांगतं. शाश्वततेचा अभ्यासक त्यापुढे विचारतो की हे कुणी ठरवलं, खर्च कुणाच्या खिशातून गेला, फायदा कुणाचा झाला आणि आणखी वीस वर्षं असंच चाललं तर काय होईल. म्हणून जीवशास्त्र, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, कायदा, समाजशास्त्र या सगळ्यांच्या दारात जावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांपासून पदवीला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा होत गेला, तो तुम्हीही दिला असेल. बहुतेकांनी झेरॉक्सच्या दुकानातून प्रकल्प उचलून दिलेला असतो. मीही तेच केलं होतं. तेव्हा त्या पेपरवरून या शाखेबद्दल मत बनवू नका.

पहिली पायरी: एक प्रश्न, दुचाकीच्या अंतरावरचा

विषय आधी आणि प्रश्न मग, असं केलंत की फसलात. 'गोदावरी नदीचे प्रदूषण: एक अभ्यास' हा प्रश्न नाही. 'नासर्डीचं पाणी गोदावरीला मिळतं तिथे सुट्टीच्या दिवशी आणि कामाच्या दिवशी काय फरक पडतो, आणि तो फरक पाहायची जबाबदारी नेमकी कुणाची?' हा प्रश्न आहे. नासर्डी म्हणजे कागदावरची नंदिनी. जुने कागद शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

मी मुलांना प्रश्न निवडताना चार गोष्टी तपासायला लावते. महिन्यातून दोनदा तिथे स्वतः जाता येईल का? त्यात कुणाचा तरी फायदा आणि कुणाचा तरी तोटा आहे का? काळानुसार काही बदलतं आहे का? आणि निदान एक आकडा तुम्ही स्वतः मोजू शकता का? यातलं दुसरं सगळ्यांत महत्त्वाचं. ज्यात कुणाचंच काही जात नाही असा प्रश्न बहुधा भाषणस्पर्धेचा असतो.

नाशिकला प्रश्नांचा तोटा नाही. जिल्ह्यात १५ तालुके. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि येवला-नांदगावकडे तो पाचशे-सहाशेच्या घरात. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली दोन हवामानं. लासलगावचा कांदा चाळीत किती सडतो? द्राक्षबागेवरचं प्लास्टिक आच्छादन फाटल्यावर कुठे जातं? एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची राख कुणाच्या विटांत जाते आणि कुणाच्या शेतावर उडते? पाथर्डीच्या खतप्रकल्पाजवळ हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवून वीज करायचा प्रकल्प २०१७ मध्ये जर्मन मदतीने सुरू झाला, त्याला रोज चांगला ओला कचरा मिळतो का, आणि मिळत नसेल तर अडतं कुठे? यातला कुठलाही एक प्रश्न दोन वर्षं पुरेल.

दुसरी पायरी: ओझरला जाऊन या

पुस्तक उघडण्याआधी एक दिवस काढा आणि वाघाड प्रकल्पाचं लाभक्षेत्र पाहून या. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे, आणि त्याच्या कालव्याच्या शेपटाकडे ओझर. शेपटाकडच्या शेतकऱ्याची गोष्ट महाराष्ट्रात सगळीकडे सारखीच असते. वरचे भिजवून घेतात, खाली चारी कोरडी. ओझरला समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास शेतकऱ्यांना पाणीवापर संस्थांत एकत्र आणलं. महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशा तीन संस्था उभ्या राहिल्या. पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पाचं पाणीव्यवस्थापन शेतकऱ्यांच्या महासंघाकडे आलं. राज्याचा 'सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन' कायदा २००५ चा. म्हणजे ओझरचे शेतकरी कायद्याच्या दीड दशक पुढे होते.

तिथे गेल्यावर हिरव्या बागा सगळेच बघतात. तुम्ही मोजमाप बघा. आधी पाणीपट्टी पिकावर आणि एकरावर असायची, म्हणजे पाणी किती घेतलं याला अर्थच नव्हता. संस्थेला पाणी घनमीटरने मोजून मिळू लागलं आणि वाचवलेल्या पाण्याला किंमत आली. मग कालव्याचं पाणी नाल्यावरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घ्यायच्या, आणि विहिरीचं पाणीही हिशोबात धरायचं, अशी पुढची पावलं आली. विहीर कायद्याने खासगी, पण तिच्यातलं पाणी कालव्याच्या पाझराचं. हा तिढा सोडवायला भूजलशास्त्र लागतं, कायदा लागतो आणि गावात बसून बोलायची हातोटी लागते. तिन्ही एकाच माणसात क्वचित असतात. म्हणून तर संस्था लागते.

जमलं तर दुसऱ्या दिवशी सटाण्याकडे जा. मोसम आणि आरम या नद्यांवर, आणि पुढे धुळ्याकडे पांझरेवर, फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. ही पद्धत तीन-चारशे वर्षांपूर्वीची मानतात. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि त्याखालची जमीन फडांत वाटलेली, बहुधा चार. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या हंगामात ते दुसऱ्या फडात फिरवायचं. प्रत्येकाचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात, त्यामुळे पाण्याचा फड आला तर सगळ्यांना थोडं, आणि कोरडा राहिला तर सगळ्यांचंच थोडं नुकसान. पाणी सोडायला पाटकरी, पिकं राखायला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड बिनपाण्याचा ठेवायचं सगळे मिळून ठरवत. पीकपद्धत, विमा आणि न्याय एकाच नकाशात बसवणारी ही रचना कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात जन्मली नाही. मोसमवर हरणबारीसारखी धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि फडांचं गणित विस्कटत गेलं. का विस्कटलं हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांनाच विचारा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल आणि ती सगळी वहीत उतरवण्यासारखी असतील.

हे पाहून आल्यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम वाचा, आधी नको. त्या राज्यशास्त्राच्या. पीएचडी लॉस एंजेलिसजवळच्या भूजलाच्या भांडणावर केली, आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामायिक गोष्ट, मग ते कुरण असो, मासे असोत की पाणी, एकतर सरकारने ताब्यात घ्यावी नाहीतर खासगी करावी, नाहीतर लोक ती ओरबाडून संपवतात, असं तोवर ठामपणे म्हटलं जायचं. ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणं तपासून दाखवलं की लोक स्वतः नियम करतात आणि ते पिढ्यानपिढ्या टिकतात, पण सगळीकडे नाही. जिथे टिकतात तिथे सापडलेली आठ लक्षणं त्यांनी मांडली: हद्द स्पष्ट असणं, नियम स्थानिक परिस्थितीला धरून असणं, देखरेख करणारा वापरकर्त्यांना उत्तरदायी असणं, शिक्षा पायरीपायरीने वाढत जाणं, वगैरे. जागल्या भेटून आलेल्या माणसाला ती यादी पाठ करावी लागत नाही.

तिसरी पायरी: एककं, आणि बाणांचं चित्र

इथे कला-वाणिज्यवाली मुलं घाबरतात आणि विज्ञानवाली आळस करतात. गणित आठवीचं आहे. वर्तमानपत्रात धरण टीएमसीत येतं, महापालिका एमएलडीत बोलते, कालव्यावर क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) चालतो, आणि तिघे एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्ही बोलायला लावा. १ टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. १ एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर. भागाकार केला तर १ टीएमसी पाणी वर्षभर रोज सारखं वापरलं तर ७७-७८ एमएलडी पडतं. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे ५.६३ टीएमसी, म्हणजे कागदावर वर्षभर रोज ४३७ एमएलडीच्या आसपास. आता त्यातून बाष्पीभवन, गाळ, मृतसाठा, शेतीची आवर्तनं आणि उद्योग वजा करत जा. ही वजाबाकी स्वतःच्या हाताने केल्याशिवाय पाणीकपातीच्या बातमीवर मत देऊ नये, असं माझं मत आहे. घरात सगळे वैतागतात.

दुसरं हत्यार म्हणजे बाणांचं चित्र. कागदावर गोष्टी लिहा, कशामुळे काय वाढतं वा घटतं ते बाणांनी जोडा, आणि बाण फिरून पुन्हा सुरुवातीला येतो का ते पाहा. एक उदाहरण देते. ठिबक बसवलं, एकरी पाणी कमी लागलं. चांगली गोष्ट. वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी दोन एकर बाग लावली, कारण कर्जाचा हप्ता एकराच्या बचतीतून नाही, द्राक्षाच्या पेट्यांतून फिटतो. विहिरीचा उपसा होता तिथेच, कदाचित वर. आणि बाग म्हणजे काही कोथिंबीर नव्हे. एकदा मांडव उभा केला की दुष्काळातही ती पाणी मागणारच. काटकसरीच्या यंत्राने एकूण वापर वाढू शकतो हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल लिहून ठेवलं होतं. म्हणून ठिबक वाईट नाही. पण 'ठिबक म्हणजे पाणीबचत' एवढंच लिहिणाऱ्याला मी चित्र पुन्हा काढायला लावते.

चौथी पायरी: कागद वाचायला शिका

महापालिका पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नदीवरच्या ठरलेल्या ठिकाणांचे आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात, २०११ ची जनगणना आहे, इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर उपग्रहाची चित्रं आहेत आणि क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. नसेल ते दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जाने मागा. 'प्रदूषणाची माहिती द्यावी' असं लिहिलंत तर काहीच येणार नाही. तारीख, ठिकाण आणि नोंदवहीचं नाव लिहा. धरणांआधीची नदी कशी होती ते पाहायचं असेल तर १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर वाचा. जुन्या पुस्तकांसाठी १८४० पासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहेच.

एक कागद मात्र प्रत्येक नाशिककराने वाचावा: जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा सप्टेंबर २०१४ चा जायकवाडीचा आदेश. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं, ते कोणत्या धरणसमूहातून किती, याचं कोष्टक त्याला जोडलेलं आहे. त्यामागे याच प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यातलं समन्यायी वाटपाचं कलम आहे, आणि या वाटपावरचा मेंढेगिरी समितीचा २०१३ चा अहवाल. जलशास्त्र, कायदा आणि राजकारण यांचं एकाच पानावर असं दर्शन दुसरीकडे मिळणं कठीण. नाशिकचे असाल तर आधी मराठवाड्याची बाजू वाचा. आपली बाजू आपल्याला वर्तमानपत्रातून पाठ असतेच.

पाचवी पायरी: माणसांशी बोलणं

याला संशोधनाच्या भाषेत मुलाखतपद्धती म्हणतात, पण निम्मं काम रीतभात आहे. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत द्राक्षवाल्याकडे जाऊ नका, एप्रिलच्या खरड छाटणीतही नको. कांद्याच्या लिलावाच्या सकाळी शेतकऱ्याचं लक्ष ट्रॅक्टरवर असतं, तुमच्या प्रश्नावलीवर नाही. गेलात की 'प्रदूषण' हा शब्द पहिल्या अर्ध्या तासात काढायचा नाही, कारण तो ऐकला की समोरचा एकतर तक्रार सुरू करतो नाहीतर गप्प होतो. 'आबा, पूर्वी इथे काय होतं?' एवढं विचारा आणि ऐकत बसा. नाव वापरायचं की नाही ते विचारून घ्या. काय सापडलं ते परत जाऊन सांगा. हे शेवटचं कुणी करत नाही, म्हणून गावं विद्यार्थ्यांना कंटाळलीत.

घाटावर कपडे धुणाऱ्या एका मावशींना मी विचारलं होतं, "मावशी, पाणी सगळ्यात खराब कधी असतं?"

"तू सकाळची येते ना ताई? मग तुला काय दिसणार. पहिल्या पावसाला ये. गटारी सगळ्या धुवून निघत्यात त्या दिवशी."

पावसाळी गटार आणि मैल्याची वाहिनी कुठेतरी एकत्र येते, आणि पहिल्या सरीला साचलेलं सगळं नदीत उतरतं, हे पाठ्यपुस्तकात आहे. मला ते नदीवर कळलं.

मग कोर्स

आता कोर्सचं. माझा आग्रह असा की एक विषय पक्का तुमचा हवा, रसायन असो, अर्थशास्त्र असो, स्थापत्य असो की कायदा. सगळ्यातलं थोडं थोडं येणारा माणूस बैठकीत छान बोलतो, पण त्याला विचारण्यासारखं काही नसतं. २०१० साली आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या क्लोरमेक्वॅट क्लोराइडच्या अंशांमुळे. ते प्रकरण समजायला वेलीचं शरीरशास्त्र, प्रयोगशाळेची मोजण्याची मर्यादा, युरोपचे नियम आणि शेतकऱ्याचं कर्ज हे चारही लागलं. पण चौघांपैकी प्रत्येकाला आपलं काम पक्कं येत होतं म्हणूनच ते एकत्र बसू शकले.

पदवी सुरू असेल तर ती सोडू नका. स्वयम आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणाऱ्या सरकारी संकेतस्थळांवर पर्यावरण, जलव्यवस्थापन, पर्यावरणीय अर्थशास्त्र यांचे अभ्यासक्रम आहेत, त्यातला एक पूर्ण करा. एकच, पण पूर्ण. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला मुक्त विद्यापीठ आहे, तिथे चालू वर्षाची माहितीपुस्तिका घेऊन या. पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटीचा नैसर्गिक संसाधनांच्या शाश्वत व्यवस्थापनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. प्रकाश गोळे यांनी उभी केलेली ही संस्था, आणि तिथे शेतकरी, वास्तुविशारद, गृहिणी एकाच वर्गात बसतात. मला ती सर्वांत योग्य सुरुवात वाटते. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्थाही पुण्यातच. विद्यापीठ अनुदान आयोगाचं पदवीचं पर्यावरणाचं पुस्तक तिथल्याच एराक भरुचांनी लिहिलेलं. पुढे जायचं तर मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची हॅबिटॅट शाखा, आयआयटीत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं 'सितारा' केंद्र, आणि दिल्लीला टेरीचं विद्यापीठ. प्राध्यापकी डोक्यात असेल तर नेटमध्ये पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विषय आहे, आणि २०२१ पासून गेटमध्येही पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा पेपर आला आहे.

पैशाचं काय, हे आईवडील विचारतातच, आणि बरोबर विचारतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. या बड्या कंपन्या मग सातपूर-अंबडच्या छोट्या पुरवठादाराला वीज, पाणी, कचरा यांची प्रश्नावली पाठवतात, आणि ती भरायला माणूस लागतो. म्हणजे काम आहे. पण तीन दिवसांत 'ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार) तज्ज्ञ' करून देणाऱ्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नका. ज्याला विजेचं बिल वाचून कार्बनचा आकडा काढता येतो आणि तो आकडा कुठे फसवतो हेही सांगता येतं, त्याला कारखानदार प्रमाणपत्र विचारत नाही.

आणि सिंहस्थ

कुठलाच प्रश्न सुचत नसेल तर हा घ्या. २०२७ च्या सिंहस्थावर अभ्यास करणारे खूप निघतील, बहुतेक सगळे पर्वणीच्या दिवशी बाटली घेऊन घाटावर उभे राहतील. त्यांच्याकडे 'नंतर'चा आकडा असेल, 'आधी'चा नसेल. तुम्ही पर्वणीआधीच्या पावसाळ्यात सुरू करा. मार्चच्या आकड्यांशी पर्वणीच्या आकड्यांची तुलना चालणार नाही, कारण मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. तेव्हा नाशिककर ज्याच्यावरून पूर मोजतात त्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी किंवा कमरेशी पाणी असतं आणि घाण पातळ होते. ऑगस्टची तुलना ऑगस्टशीच करायची. ठिकाणं तीच, वेळ तीच, आणि वहीत प्रत्येक नमुन्यापुढे तीन रकाने: कालचा पाऊस, घाटावरची अंदाजे गर्दी, आणि त्या सकाळी धरणातून किती क्युसेक सोडले होते. तिसरा रकाना रिकामा राहिला तर त्या दिवशीचा नमुना हिशोबात धरू नका.